४३३ इरॉसची पृष्ठवैशिष्ट्ये

४३३ इरॉस हा पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणारा, लांबट आकाराचा एक लघुग्रह आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या 'नीअर शूमेकर' या अवकाशयानाने १४ फेब्रुवारी २००० ते १२ फेब्रुवारी २००१ या काळात त्याभोवती फिरून त्याच्या संपूर्ण पृष्ठभागाची छायाचित्रे घेतली. अवकाशयानाने ज्याची परिक्रमा केली असा हा पहिला लघुग्रह होय, आणि ज्यावर यान उतरले असाही हा पहिलाच. या निरीक्षणांतून इरॉसवरील विवरे, कटक, खाचा, प्रस्तरखंड आणि बारीक धुळीने भरलेली सपाट 'तळी' यांचा तपशीलवार परिचय झाला. इरॉसवरील विवरांना जगभरच्या प्रसिद्ध प्रेमिकांची नावे देण्यात आली आहेत. खानदेशातील बुऱ्हाणपूर येथे मृत्यू पावलेली मुघल सम्राज्ञी मुमताज महल हिचेही नाव त्यांत आहे.

शोध आणि पूर्वीची निरीक्षणे

इरॉसचा शोध १३ ऑगस्ट १८९८ रोजी बर्लिन येथील युरेनिया वेधशाळेत कार्ल गुस्ताफ विट यांनी लावला. त्याच रात्री फ्रान्समधील नीस येथे ओग्युस्त शार्ल्वा यांनीही त्याचे स्वतंत्रपणे छायाचित्र घेतले होते. तोपर्यंत ज्ञात असलेले लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या मुख्य पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास फिरणारे होते. इरॉसची कक्षा मात्र मंगळाच्या कक्षेच्या आत येते. सूर्यापासून त्याचे किमान अंतर सुमारे १.१३ खगोलीय एकक असून तो १.७६ वर्षांत सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. त्या काळी लघुग्रहांना स्त्रीनामे देण्याची प्रथा होती. या वेगळ्या कक्षेमुळे इरॉसला ग्रीक पुराणकथांतील प्रेमदेवतेचे पुरुषनाम देण्यात आले.

पृथ्वीच्या जवळ येत असल्यामुळे सूर्य आणि पृथ्वी यांच्यातील अंतर मोजण्यासाठी इरॉस उपयुक्त ठरला. निरनिराळ्या वेधशाळांतून एकाच वेळी पाहिले असता तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित वेगळ्या ठिकाणी दिसतो, आणि या फरकावरून अंतर काढता येते. १९००-०१ च्या वेधांचे गणित आर्थर हिंक्स यांनी, तर १९३०-३१ च्या वेधांचे गणित हॅरल्ड स्पेन्सर जोन्स यांनी केले. १९३१ मध्ये जोहान्सबर्ग येथील वेधशाळेतून विल्यम फिनसेन आणि विलेम फान डेन बोस यांना दुर्बिणीतून इरॉस लांबट दिसला. त्याच्या तेजात होणारी चढउतार लांबट आकाराच्या फिरण्यामुळे होते, या अनुमानाला त्यामुळे प्रत्यक्ष आधार मिळाला.

अवकाशयानाची मोहीम

नीअर यान १७ फेब्रुवारी १९९६ रोजी डेल्टा-२ प्रक्षेपकाने सोडण्यात आले. त्याची बांधणी आणि संचालन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने केले. वाटेत २७ जून १९९७ रोजी ते २५३ मथिल्डे या लघुग्रहाजवळून १,२१२ किमी अंतरावरून गेले. जानेवारी १९९८ मध्ये पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचे साहाय्य घेऊन ते इरॉसकडे वळले.

मूळ योजनेनुसार यान जानेवारी १९९९ मध्ये इरॉसच्या कक्षेत पोहोचायचे होते. परंतु २० डिसेंबर १९९८ रोजी गती जुळवण्यासाठी मुख्य इंजिन सुरू होताच ते आपोआप बंद पडले, यान गिरक्या घेऊ लागले आणि सुमारे २७ तास त्याचा पृथ्वीशी संपर्क तुटला. संपर्क पुन्हा प्रस्थापित झाला तोपर्यंत कक्षेत शिरण्याची संधी हुकली होती. २३ डिसेंबर १९९८ रोजी यान ३,८२७ किमी अंतरावरून इरॉसला ओलांडून पुढे गेले. घाईने तयार केलेल्या आज्ञावलीमुळे या भेटीत २२२ छायाचित्रे मिळाली आणि लघुग्रहाचा आकार, वस्तुमान व अक्षाची दिशा यांचे पहिले अंदाज बांधता आले. उरलेल्या इंधनाचा काटकसरीने वापर करून सूर्याभोवती आणखी एक फेरी घेतल्यानंतर, १४ फेब्रुवारी २००० रोजी यान इरॉसच्या कक्षेत स्थिरावले. पुढील महिन्यात ग्रहभूवैज्ञानिक युजीन शूमेकर (मृत्यू १९९७) यांच्या स्मरणार्थ यानाचे नाव 'नीअर शूमेकर' असे करण्यात आले.

यानावर बहुवर्णी कॅमेरा, अवरक्त वर्णपटमापक, क्ष-किरण व गॅमा-किरण वर्णपटमापक, लेसर अंतरमापक आणि चुंबकत्वमापक ही उपकरणे होती. कक्षा टप्प्याटप्प्याने लहान करत ती ५० किमी व नंतर ३५ किमीपर्यंत आणण्यात आली. २६ ऑक्टोबर २००० रोजी यान पृष्ठभागापासून केवळ पाच-सहा किमी उंचीवरून गेले. संपूर्ण मोहिमेत सुमारे १,६०,००० छायाचित्रे मिळाली.

आकार आणि गुरुत्व

इरॉसची लांबी सुमारे ३४ किमी आणि रुंदी व जाडी प्रत्येकी सुमारे ११ किमी आहे. जळगाव ते भुसावळ हे लोहमार्गाचे अंतर सुमारे २४ किमी आहे, त्यावरून या लांबीची कल्पना यावी. एका बाजूने आत दबलेला आणि दोन्ही टोकांकडे निमुळता होत गेलेला हा आकार भुईमुगाच्या शेंगेसारखा दिसतो. तो स्वतःभोवती ५ तास १६ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. त्याचे वस्तुमान सुमारे ६.६९ × १०^१५ किलोग्रॅम आणि सरासरी घनता २.६७ ग्रॅम प्रति घन सेंमी आहे.

आकार गोल नसल्याने पृष्ठभागावरील गुरुत्व जागोजागी बदलते. ते पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे चार हजारांश ते अठराशांश इतकेच भरते. पृथ्वीवर ६० किलो वजन असलेल्या माणसाचे वजन तेथे जेमतेम १४ ते ३४ ग्रॅम भरेल, आणि एक मीटर उंचीवरून सोडलेला दगड खाली पोहोचण्यास १९ ते २९ सेकंद लागतील. मुक्तिवेग सेकंदाला सुमारे ३ ते १७ मीटर आहे. वेगवान गोलंदाजाने टाकलेला चेंडू इरॉसवरून कायमचा अवकाशात निघून जाईल.

येथे 'वर' आणि 'खाली' या कल्पनाही पृथ्वीवरील अनुभवाप्रमाणे चालत नाहीत. उतार कोणत्या दिशेला आहे हे लघुग्रहाचा वेडावाकडा आकार आणि त्याचे फिरणे या दोन्हींवर अवलंबून असते. त्यामुळे छायाचित्रात खोल दिसणारी जागा गुरुत्वाच्या दृष्टीने सर्वांत खालची असेलच असे नाही. दगडधोंडे आणि धूळ कोठून कोठे सरकली हे समजण्यासाठी लेसर अंतरमापकाने तयार केलेला उंचीचा नकाशा आणि गुरुत्वाचे गणित एकत्र मांडावे लागते.

नामकरण

ग्रह, उपग्रह आणि लघुग्रह यांच्या पृष्ठभागावरील ठिकाणांना आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ अधिकृत नावे देतो. प्रत्येक पिंडासाठी एक विषय ठरवलेला असतो. ९५१ गॅस्प्रावरील विवरांना उष्ण पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावांची नावे असून त्यांत हिमाचल प्रदेशातील मणिकरण आहे. काळ्याकुट्ट मथिल्डेवरील विवरांना कोळसा क्षेत्रांची नावे असून त्यांत दामोदर आहे. इरॉस ही प्रेमदेवता असल्याने तेथील विवरांसाठी इतिहास, पुराणकथा आणि साहित्य यांतील प्रेमिक निवडण्यात आले. त्यांतील काही नावे पुढीलप्रमाणे:

• हिमेरोस, प्सायकी – ग्रीक कथांतील इरॉसचा सहचर आणि पत्नी
• ऑर्फियस, युरिडिसी – ग्रीक पुराणकथा
• लैला, मजनू – अरबी-फारसी परंपरेतील कथा
• गेंजी, फुजित्सुबो – जपानी साहित्य
• पाओ-यू, ताई-यू – चिनी साहित्य
• डॉन किहोटे, डल्सिनिया – स्पॅनिश साहित्य
• युराते, कास्तितिस – लिथुआनियातील लोककथा
• तुतानेकाई – न्यूझीलंडमधील माओरी परंपरा
• जहान, महल – मुघल सम्राट शाहजहान आणि मुमताज महल

शेवटच्या जोडीचा खानदेशाशी थेट संबंध आहे. तापी नदीकाठचे बुऱ्हाणपूर ही फारुकी राजवटीत खानदेशाची राजधानी होती आणि मुघल काळात ते खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झाले. दख्खनच्या मोहिमेसाठी शाहजहानचा मुक्काम येथे असताना जून १६३१ मध्ये प्रसूतीच्या वेळी मुमताज महलचे निधन झाले. तिचे प्रथम दफन तापीपलीकडील जैनाबाद येथील बागेत झाले. सुमारे सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. आज बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे.

विवरांखेरीज इतर ठिकाणांना इरॉसचा अभ्यास केलेल्या खगोलशास्त्रज्ञांची नावे दिली आहेत. शार्ल्वा आणि विट हे दोन प्रदेश, तर हिंक्स आणि फिनसेन हे दोन कटक आहेत.

प्रमुख विवरे आणि कटक

हिमेरोस हा इरॉसच्या बाहेरील वक्र बाजूवरचा, सुमारे १० किमी रुंदीचा खोगिराच्या आकाराचा खोलगट भाग आहे. लघुग्रहाच्या आकाराच्या मानाने तो इतका मोठा आहे की वाडग्यासारखा गोल न राहता तो पृष्ठभागाच्या वळणाबरोबर वाकलेला दिसतो. त्याच्या आतील भागात लहान विवरांची संख्या आजूबाजूपेक्षा कमी आहे. त्यामुळे तेथील पृष्ठभाग नंतरच्या काळात झाकला गेला असावा असे मानले जाते.

प्सायकी हे हिमेरोसच्या विरुद्ध बाजूचे, सुमारे ५.३ किमी व्यासाचे विवर आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर ज्या आघातविवरात आहे त्याचा व्यास सुमारे १.८ किमी आहे. प्सायकी त्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. त्याच्या भिंतींवर उजळ आणि गडद पट्टे शेजारी शेजारी दिसतात. पृष्ठभागावरचा जुना, गडद झालेला थर उतारावरून घसरल्याने खालचा ताजा, उजळ थर उघडा पडतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. सौर वारे आणि सूक्ष्म उल्कांचा मारा यांमुळे उघडे खडक हळूहळू गडद व लालसर होतात. या क्रियेस 'अवकाशीय अपक्षय' म्हणतात.

शूमेकर हे मोहिमेतील शास्त्रज्ञांनी वापरलेले अनौपचारिक नाव आहे. सुमारे ७.६ किमी व्यासाचे हे विवर तुलनेने तरुण असून ते सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वीचे असावे असा अंदाज आहे. इरॉसच्या पृष्ठभागाचे आजचे स्वरूप घडवण्यात या एकाच आघाताचा वाटा सर्वांत मोठा असल्याचे पुढील अभ्यासांत दिसून आले.

हिंक्स कटक हा सुमारे १८ किमी लांबीचा उंचवटा आहे. त्याची रचना पृथ्वीवरील व्युत्क्रम प्रस्तरभंगासारखी, म्हणजे खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढल्यासारखी आहे. पृष्ठभागावर इतरत्र अनेक किलोमीटर लांबीच्या खाचा आणि लहान विवरांच्या रांगा आहेत. काही विवरे गोल नसून चौकोनी आहेत. ज्या खडकात आधीच परस्परांना छेदणाऱ्या भेगा असतात, त्यावर आघात झाल्यास विवराच्या कडा त्या भेगांना अनुसरून तुटतात. अमेरिकेतील ॲरिझोनाचे विवरही याच कारणाने काहीसे चौकोनी आहे.

प्रस्तरखंड

इरॉसवर १५ मीटरपेक्षा मोठे ६,७६० प्रस्तरखंड मोजण्यात आले. पीटर थॉमस आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्यांचे वितरण प्रसिद्ध केले. त्यांपैकी जवळजवळ ४४ टक्के एकट्या शूमेकर विवरात आढळले. उरलेले कोठे पडले आहेत हे तपासण्यासाठी त्या विवरातून उडालेल्या खडकांचे मार्ग संगणकावर काढण्यात आले. आघाताने उडालेला खडक कमी गुरुत्वामुळे बराच वेळ वर राहतो आणि तेवढ्यात खालचा लघुग्रह फिरून पुढे जातो. हे लक्षात घेता बहुतेक मोठे खंड त्या एकाच आघातातून आलेले असावेत असा निष्कर्ष निघाला. संपूर्ण पृष्ठभागावर विखुरलेल्या दगडांचा उगम एका विवरापर्यंत नेता येणे ही लघुग्रहांच्या अभ्यासातील नवी गोष्ट होती.

लहान विवरांची उणीव

मोठ्या विवरांच्या संख्येवरून इरॉसचा पृष्ठभाग अतिशय जुना आहे हे कळते. अशा पृष्ठभागावर लहान विवरे त्याहून कितीतरी अधिक असायला हवीत. प्रत्यक्षात सुमारे २०० मीटरपेक्षा लहान विवरे अपेक्षेपेक्षा फार कमी आढळली आणि त्यांच्या जागी दगडधोंड्यांची गर्दी दिसली.

याची अनेक कारणे पुढे आली. त्यांपैकी लघुग्रहाच्या हादरण्याला विशेष महत्त्व मिळाले. मोठ्या आघाताने संपूर्ण पिंड भूकंपासारखा थरथरतो. गुरुत्व क्षीण असल्याने एवढ्या कंपनानेही सुटी माती उड्या घेत खाली सरकते आणि लहान विवरे बुजतात. थॉमस आणि मार्क रॉबिन्सन यांनी २००५ मध्ये दाखवले की, सुमारे अर्धा किमीपर्यंतची विवरे ज्या भागांत कमी आहेत ते भाग शूमेकर विवरापासून सरळ रेषेत, म्हणजे खडकाच्या आतून मोजलेल्या सुमारे ९ किमी अंतराच्या आत येतात. अशा भागांनी एकूण पृष्ठभागाचा सुमारे ४० टक्के हिस्सा व्यापला आहे. हादरा खडकातून प्रवास करत दुसऱ्या बाजूपर्यंत पोहोचला, याचा हा पुरावा मानला जातो. इरॉस आतून पोकळ किंवा अगदी सुटा असता तर ही लहर मध्येच विरली असती.

धुळीची तळी

मोहिमेतील सर्वांत अनपेक्षित आढळ म्हणजे काही विवरांच्या तळाशी असलेले सपाट, गुळगुळीत थर. त्यांना त्यांच्या दिसण्यावरून 'तळी' म्हटले गेले. त्यांत द्रव नाही. कॅमेऱ्याला कणही वेगळे दिसू नयेत इतकी बारीक धूळ त्यांत साचली आहे. तिचा पृष्ठभाग साचलेल्या पाण्याप्रमाणे समतल असून कडा स्पष्ट आहेत. आसपासच्या जमिनीपेक्षा ती किंचित निळसर दिसते. ३० मीटरपेक्षा मोठी अशी २५५ तळी मोजली गेली. त्यांतील बहुतेक विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस ३० अंशांच्या आत आहेत.

ती कशी तयार झाली याविषयी तीन मते आहेत. पहिल्या मतानुसार, सूर्यप्रकाश व अंधार यांच्या सीमेवर निर्माण होणाऱ्या विद्युतभारामुळे धूळ जमिनीवरून उचलली जाते आणि सावलीतील खोलगट जागी साचते. दुसऱ्या मतानुसार, आघातांच्या हादऱ्यांनी बारीक कण चाळणीतून गाळल्याप्रमाणे वेगळे होऊन तळाशी जातात. तिसऱ्या मतानुसार, विवरात पडलेले मोठे प्रस्तरखंड दिवसरात्रीच्या तापमानातील फरकाने झिजून त्यांचीच भुकटी तेथे पसरते. विषुववृत्ताजवळची दाटी पहिल्या मताला अनुकूल आहे. काही तळ्यांच्या मध्यभागी झिजत आलेले खडक आढळतात, त्यावरून तिसरे मत पुढे आले.

रंग आणि रासायनिक घटना

इरॉस हा 'एस' प्रकारचा, म्हणजे सिलिकेटयुक्त लघुग्रह आहे. त्याचा रंग सर्वत्र जवळजवळ सारखा, पिवळसर तपकिरी आहे. सौर ज्वालांच्या वेळी पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांवरून मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, कॅल्शियम आणि लोह यांचे प्रमाण मोजण्यात आले. ते सामान्य कॉन्ड्राइट प्रकारच्या उल्कापाषाणांशी जुळते. पृथ्वीवर पडणाऱ्या उल्कापाषाणांत हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी पडलेले पाषाणही याच वर्गातील आहेत. गंधकाचे प्रमाण मात्र अपेक्षेपेक्षा कमी आढळले. अवकाशीय अपक्षयात ते पृष्ठभागावरून उडून गेले असावे. इरॉसला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असल्याचे आढळले नाही.

अवतरण

यान उतरण्यासाठी बांधलेले नव्हते. त्याला पाय किंवा धक्के सोसणारी रचना नव्हती. इंधन संपत आल्यावर, अधिक जवळून छायाचित्रे मिळावीत या हेतूने १२ फेब्रुवारी २००१ रोजी ते हळूहळू खाली आणण्यात आले. उतरताना त्याने ६९ छायाचित्रे पाठवली. शेवटचे छायाचित्र सुमारे १२० मीटर उंचीवरून घेतलेले असून त्यात केवळ ६ मीटर रुंदीचा भाग दिसतो. त्याचा खालचा भाग अपूर्ण आहे, कारण ते पाठवले जात असतानाच यान जमिनीला टेकले.

हिमेरोसच्या दक्षिणेस, माणसाच्या चालण्याच्या वेगाने उतरलेले यान शाबूत राहिले आणि त्याचे संदेश येत राहिले. गॅमा-किरण वर्णपटमापकाला कक्षेतून पुरेसे संकेत मिळत नव्हते. जमिनीला टेकल्यावर त्याचे काम चांगले झाले आणि सुमारे दोन आठवडे त्याने मोजमापे पाठवली. २८ फेब्रुवारी २००१ रोजी संपर्क बंद करण्यात आला. १० डिसेंबर २००२ रोजी यानाशी पुन्हा संपर्क साधण्याचा प्रयत्न झाला, पण प्रतिसाद मिळाला नाही. यान आजही इरॉसवर आहे.

अंतर्रचना आणि महत्त्व

लांब कटक, खाचा, चौकोनी विवरे आणि हादऱ्यांचा दूरवर गेलेला परिणाम यांवरून इरॉस हा भेगाळलेला पण एकसंध खडक आहे, असे मानले जाते. एखाद्या मोठ्या पिंडाचा तो तुकडा असावा. जपानच्या हायाबुसा यानाने २००५ मध्ये पाहिलेला इतोकावा, तसेच नंतरच्या मोहिमांत पाहिलेले रियुगू आणि बेन्नू हे मात्र सुट्या दगडांचे ढीग निघाले. बेन्नूवर ऑक्टोबर २०२० मध्ये नमुना घेताना पृष्ठभागाने यानाला जवळजवळ विरोधच केला नाही.

हा फरक पृथ्वीच्या संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एखाद्या लघुग्रहाचा मार्ग धडकेने बदलायचा असल्यास, त्याचा पृष्ठभाग आणि अंतर्भाग कसा आहे यावर परिणाम अवलंबून असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाच्या डार्ट यानाने डायमॉर्फस या लहान पिंडावर धडकून त्याची कक्षा बदलली. इरॉस त्याच्या अनेक पटींनी मोठा आहे. सध्या तो पृथ्वीची कक्षा ओलांडत नाही. ३१ जानेवारी २०१२ रोजी तो सुमारे २ कोटी ६७ लाख किमी अंतरावरून गेला. मात्र १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय अभ्यासानुसार, मंगळाच्या गुरुत्वाकर्षणाच्या परिणामाने येत्या वीस लाख वर्षांत त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला छेदू लागण्याची शक्यता आहे.

हेही पाहा

लघुग्रह
२५३ मथिल्डे
२५१४३ इतोकावा
लोणार सरोवर
बुऱ्हाणपूर